रूममेट "आता जगायचं नाही" म्हणाला तर त्या रात्री काय करायचं

सदाशिव पेठेत एमपीएससीसाठी नवीन येणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय. मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीजबद्दल सांगणारे शंभर भेटतील, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

पूर्व परीक्षेचा निकाल लागला त्या रात्री दीड वाजता माझा रूममेट म्हणाला आता बास झालं, जगायचं नाही. आणि लगेच, "कुणाला सांगू नको, आईची शपथ घे." मी घेतली. तिथेच चुकलो. तो जरा शांत झाला म्हणून मला वाटलं जमलं, पण पुढचे दोन दिवस मी एकटाच पहारा देत होतो, तो बाथरूमला गेला तरी छातीत धडधड, घरी कळवावं तर शपथ मोडते, मित्रांना सांगावं तरी तेच, झोप नाही, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला. उठलो तर खोलीत तो नाही. खाली चहाच्या टपरीवर सापडला. जिना उतरतानाचे माझे पाय मला अजून आठवतात.

म्हणून शपथ घेऊ नका. घेतली असेल तर मोडा, खरंच मोडा. त्याऐवजी म्हणा, "बोभाटा करणार नाही, पण तुझ्या जिवासाठी ज्याला सांगावं लागेल त्याला सांगणार, कुणाला ते आपण मिळून ठरवू." चिडेल. माझा महिनाभर बोलला नाही. चालतं, चिडायला तो आहे ना.

बाकी तसं अवघड नाही, घाबरू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मग गप्प बसून ऐका. एकटं सोडू नका, औषधं वगैरे धोक्याचं जे असेल ते खोलीतून हलवा. १४४१६ लावा, टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, आणि दुसऱ्यासाठी फोन केला तरी चालतो. आत्ताच जिवाला धोका दिसला तर थेट ११२ किंवा १०८. पोलीस केस होईल म्हणून थांबू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आहे, प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, शिक्षा नाही, उपचार द्यायचे.

आणि मोटिव्हेशनल रील्स त्याला अजिबात पाठवू नका. आमच्या एका सिनियरने "रडतोस काय, उठ, परत अभ्यासाला लाग" असं तासभर ऐकवलं, त्यानंतर तो जेवलाच नाही. चार अटेम्प्ट दिले म्हणजे याबद्दल कळतं असं नसतं.

शेवटी मी त्याच्या भावाला फोन केला, भाऊ रात्रीच्या एसटीने आला, डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. आता गावी आहे, बरा आहे.

तो गेल्यावर आठवडाभर मला झोप येईना. मग एका रात्री जिन्यात बसून तोच १४४१६ मी स्वतःसाठी लावला.