ट्रिप्लॉइड कॅटफिश: थंडीचा शॉक देण्याआधीची तयारी

फलन झाल्यावर अंडं दुसरी पोलर बॉडी, म्हणजे गुणसूत्रांचा एक जादा संच असलेली बारीक पेशी, बाहेर टाकतं. ती आतच अडवली, तर आफ्रिकन कॅटफिशच्या पिल्लात ५६ ऐवजी ८४ गुणसूत्रं, म्हणजे दोनाऐवजी तीन संच (ट्रिप्लॉइड) राहतात आणि मासा मोठा होऊनही नापीक राहतो. अडवायला ५ अंश सेल्सिअसचं पाणी पुरतं. मात्र २७-२८ अंशांना फलन केलं असेल, तर ते फलनानंतर ३ मिनिटांनी लागतं. अंडी-वीर्यावर पाणी ओतून फलन सुरू झाल्यावर काही शोधायला वेळ उरत नाही, म्हणून मादीला इंजेक्शन देण्याआधीच सगळं मांडून झालेलं असावं.

सुरुवात थंड टाकीपासून करा, कारण बहुतेक शॉक तिथेच फसतात. थर्माकोलच्या पेटीत किमान २० लिटर पाणी घ्या. अंडी, जाळी आणि तिला चिकटलेलं पाणी मिळून २८ अंशांचा २०० ग्रॅमचा ऐवज २ लिटर पाण्यात गेला, तर ५ चे थेट ७ अंश होतात. २० लिटरमध्ये पाव अंशाचाही फरक पडत नाही. बर्फ बंद पिशव्यांत घालूनच सोडा, म्हणजे खडे अंड्यांना लागत नाहीत आणि बर्फातलं क्लोरीन पाण्यात उतरत नाही. हवेचा दगड किंवा छोटा पंप लावून पाणी फिरतं ठेवा, नाहीतर तळाला एक तापमान आणि वर दुसरं. थर्मामीटर आदल्या दिवशी चुरलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून ० दाखवतो का ते पाहा. एक अंशाची चूक असेल तर तो बाजूला ठेवा. मोजायचं ते जाळी जिथे टेकणार आहे तिथे.

मादीला ओव्हाप्रिम (अंडी सुटायला देतात ते संप्रेरकाचं इंजेक्शन) किलोला ०.५ मिली. २५ अंशांना अंडी साधारण १०-१२ तासांत सुटतात, गरम पाण्यात त्याआधी. वेळ टळून गेलेली अंडी घेऊ नका: फलन घटतं, वेडीवाकडी पिल्लं निघतात आणि दोष उगाच शॉकच्या माथी जातो. नराचं वीर्य दाबून निघत नाही, त्यामुळे वृषण काढावे लागतात. ते कापून जाळीतून पिळा, लिटरला ९ ग्रॅम मिठाच्या द्रावणात घ्या आणि थंड ठेवा. भांडी, पिसं, हात आणि मादीचं पोट कोरडं ठणठणीत हवं. पाण्याचा थेंब लागला की अंड्याचं शुक्राणू-द्वार मिटायला लागतं आणि शुक्राणूही मिनिटभरातच थकतात.

अंडी आणि वीर्य कोरडंच मिसळायचं, मग पाणी घालायचं आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करायचं. घड्याळाला एक वेगळा माणूस हवा, त्याने दुसरं काही करू नये. अंडी लगेच चिकट होतात, म्हणून मिनिटभर ढवळून ती जाळीवर एकेरी थरात पसरा. गोळा झाला तर मधल्या अंड्यांपर्यंत थंडी उशिरा पोचते आणि त्यांतून साधी डिप्लॉइड (दोन संचांची) पिल्लं निघतात. ३ मिनिटांना जाळी थंड पाण्यात, २० ते ४० मिनिटं तिथेच, मग २७-२८ अंशांच्या उबवण टाकीत. हे आकडे याच जातीचे. चॅनेल कॅटफिशला ५ मिनिटांनी सुरू करून तासभर थंडी देतात. पाण्याचं तापमान किंवा जात बदलली, तर आधी थोड्या अंड्यांवर २, ३, ४, ५ मिनिटांचे गट लावून पाहा.

कंट्रोल गटाशिवाय बसू नका. त्याच मादीची, त्याच वीर्याने फळलेली अंडी, फक्त शॉक न दिलेली. शॉक गटात ३०% पिल्लं निघाली, हे एकट्याने काहीच सांगत नाही. कंट्रोलमध्येही ३५%च निघाली असतील तर दोष अंड्यांचा. पांढरी पडलेली अंडी दोन्ही टाक्यांतून वेळेवर काढा, नाहीतर बुरशी चांगल्या अंड्यांवर चढते.

फक्त आईचीच गुणसूत्रं हवी असतील, म्हणजे गायनोजेनेसिस करायचा असेल, तर तयारी वाढते. वीर्य पातळ करून उथळ बशीत, बर्फावर, हलवत २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरायचं, म्हणजे त्यातला बापाचा डीएनए बिघडतो. नंतरचं काम मंद उजेडात, कारण प्रखर प्रकाशात बिघडवलेला डीएनए दुरुस्त होऊ शकतो. इथे आणखी एक गट लागतो: किरण दिलेलं वीर्य, शॉक नाही. त्यातली सगळी पिल्लं आखूड, वाकडी निघून मरायला हवीत. धडधाकट पिल्लू दिसलं, तर किरणं कमी पडली. अल्बिनो (रंगहीन) मादी आणि काळा नर घेतला तर पारख आणखी सोपी: काळं पिल्लू म्हणजे बापाचा वाटा शिल्लक आहे.

तपासणीचं सामान त्याच दिवशी तयार असावं. गुणसूत्रं मोजायला कोवळे जिरे (नुकती निघालेली पिल्लं), पेशींचं विभाजन थांबवणारं कोल्चिसिन (विषारी आहे, हातमोजे घाला), पोटॅशियम क्लोराइडचं सौम्य द्रावण, ताजं बनवलेलं ३ भाग मिथेनॉल आणि १ भाग ॲसेटिक आम्ल, शिवाय गिम्सा रंग. बोटुकलीवर (बोटाएवढ्या पिल्लावर) रक्ताचा लेप चालतो, पण नुसत्या नजरेवर विसंबू नका. ट्रिप्लॉइडच्या लाल पेशीतलं केंद्रक आकारमानाने दीडपट असतं. ते सगळीकडून सारखं फुगलं तर लांबी जेमतेम सातव्या हिश्शाने वाढते. सूक्ष्मदर्शकाला मायक्रोमीटर लावून दर माशाच्या निदान ५० पेशी मोजा, कंट्रोलच्या माशांच्याही. फ्लो सायटोमीटर (पेशीतला डीएनए मोजणारं यंत्र) उपलब्ध असेल तर तोच बरा. प्रत्येक खेपेचा नमुना तपासा. मागची खेप शंभर टक्के ट्रिप्लॉइड होती म्हणून ही असेलच असं नाही, आणि तपासणी होईपर्यंत शॉक गट व कंट्रोलची पिल्लं एका टाकीत सोडू नका.