पहिल्या फेरीत तुमचा स्कोअर कोणी बघत नाही

माझ्या गोल्फच्या पहिल्या फेरीची वेळ सकाळी सातची होती. सातला दोन मिनिटं कमी असताना मी गाडीच्या डिकीला टेकून बुटांच्या नाड्या बांधत होतो आणि बाकीचे तिघे टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभे होते. कोणी काही बोललं नाही. हे न बोलणंच गोल्फमधलं अवघड प्रकरण आहे. तुम्ही चुकलात तर इथे शिट्टी वाजत नाही, आणि काय चुकलं ते तुमचं तुम्हालाच ओळखावं लागतं.

तीन महिने रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बादल्याच्या बादल्या चेंडू मारून मी आलो होतो. क्लब (चेंडू मारायची काठी) फिरवण्याचा स्विंग बरा बसला होता. मैदानावर वागायचं कसं हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

मला सर्वांत जास्त धास्ती होती ती चेंडू वाकडा जाण्याची. तो गेलाच, आणि कोणालाही त्याचं काही वाटलं नाही. तिघे वैतागले ते माझ्या रेंगाळण्याने. मी प्रत्येक फटक्याआधी चार-चार सराव स्विंग घेत होतो. हिशेब करून बघा: नवखा माणूस शंभरावर फटके मारतो. प्रत्येकाला अर्धा मिनिट जास्त घेतला, तर त्याच्या एकट्याच्या नावावर पन्नास मिनिटं जमा होतात, आणि मागचे सगळे गट तिष्ठत राहतात. 2019 मध्ये नियम नव्याने लिहिले गेले, तेव्हा हरवलेला चेंडू शोधायला मिळणारी पाच मिनिटं तीनवर आली. एका फटक्याला चाळीस सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नयेत, अशी शिफारसही त्यात आहे. त्यामुळे सराव स्विंग एकच घ्या. दुसरा खेळत असतानाच आपला क्लब ठरवून ठेवा. मित्रांमधल्या फेरीत एखाद्या होलवर फटके पारच्या (त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांच्या) दुप्पट झाले, तर चेंडू खुशाल उचलून खिशात टाका. यात कमीपणा काही नाही, उलट लोक मनातल्या मनात आभार मानतात.

चेंडू झाडीत गेलाय अशी शंका आली तर तिथूनच दुसरा मारून ठेवा, म्हणजे नंतर उलटं चालत यावं लागत नाही. मात्र मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) हा शब्द तोंडाने म्हणायचा. तो न म्हणता मारलात तर तोच चेंडू खेळातला ठरतो. मग पहिला समोर सापडला तरी उपयोग नाही, वर दंडाचा फटका आहेच.

ग्रीनवरची, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरची, गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझी खरी फजिती तिथे झाली. माझा चेंडू होलच्या पलीकडे होता. मी सरळ चालत गेलो. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ अगदी हळू आवाजात म्हणाले, “जरा बाजूने येता का?” तोवर माझे दोन्ही पाय त्यांच्या चेंडूपासून होलकडे जाणाऱ्या रेषेवर पडून गेले होते. होलचा व्यास 108 मिलिमीटर. त्या हिरवळीवर बुटाचा उठलेला एक ओरखडाही चेंडूची दिशा बदलू शकतो. ते गुडघा टेकून खाली बसले आणि माझे ठसे पटरच्या (ग्रीनवर वापरायच्या क्लबच्या) तळाने एकेक करून सपाट केले. 2019 च्या आधी त्यांना तेही करता आलं नसतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून ग्रीनवर पाय ठेवण्याआधी मी चारही चेंडू कुठे आहेत ते बघतो आणि लांबून वळसा घालतो.

सावलीचंही तेच. सकाळच्या उन्हात ती फार लांब पडते आणि आपल्या नकळत दुसऱ्याच्या होलवर जाऊन बसते.

तुमचा चेंडू ग्रीनवर वरून पडला की खळगा होतो. तो बुजवताना बहुतेक नवखे फोर्क (त्यासाठीचा छोटा काटा) खाली खुपसून माती वर उचकटतात. मीही तेच करायचो. त्याने मुळं तुटतात आणि गवत जळतं. कडेने फोर्क रोवून चहूबाजूंनी गवत मध्याकडे ढकलायचं, मग पटरने हलकेच थोपटायचं. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) उतरायचं ते कमी उंचीच्या कडेने, आणि बाहेर पडताना आपल्या पावलांवरून रेक (दाताळं) फिरवून. फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) उडालेला गवताचा तुकडा परत जागेवर बसवायचा किंवा तिथे वाळू भरायची.

चेंडू कोणाच्या दिशेने जातोय असं वाटलं, तर लाजू नका. लगेच पूर्ण ताकदीने ‘फोर!’ ओरडा. शिष्टाचारात शांतता सांभाळायची असते, पण इथे गप्प बसणं हाच असभ्यपणा. ती आरोळी कानावर आली तर वर बघू नका, हातांनी डोकं झाका.

फटके मोजण्याचं काम बहुतेक वेळा आपल्याच भरवशावर असतं. 1925 च्या यूएस ओपन स्पर्धेत अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सने चेंडू किंचित हलल्याचं स्वतः सांगितलं आणि स्वतःवर एक फटका लावून घेतला. दुसऱ्या कोणी ते पाहिलं नव्हतं. शेवटी बरोबरी झाली आणि ती सोडवणाऱ्या जादा फेरीत, प्लेऑफमध्ये, तो हरला. माझी परीक्षा इतकी मोठी नव्हती. अकराव्या होलवर कोणीतरी विचारलं, “किती?” मी म्हणालो, “सात.” चार पावलं चालल्यावर आठवलं, एक फटका चेंडूला न लागता हवेतूनच गेला होता. मारायच्या इराद्याने फिरवलेला क्लब म्हणजे फटका, चेंडू हलो वा न हलो. मी मागे वळून “आठ” म्हणालो. त्यांनी खोडून आठ लिहिले, मान वर न करता.

शेवटच्या होलनंतर टोप्या काढून आम्ही हात मिळवले. मी तिथेच ग्रीनवर उभा राहून कार्ड भरायला लागलो, तर ज्येष्ठांनी कोपराला धरून मला बाजूला घेतलं; मागचा गट क्लब हातात घेऊन थांबला होता. गाडीपाशी आल्यावर ते म्हणाले, “पुढच्या रविवारी येताय ना? वेळ सातचीच आहे. साडेसहाला या.”