कोळशाच्या गॅसिफिकेशनचं मॉडेल: सॉफ्टवेअर उघडण्याआधी राखेचा हिशोब

मी सातपूरच्या एमआयडीसीत बॉयलरची कामं करतो. शेवटच्या वर्षाची इंजिनिअरिंगची मुलं गॅसिफिकेशनचा, म्हणजे कोळशापासून जळाऊ वायू काढण्याचा, प्रोजेक्ट घेऊन येतात आणि आल्या आल्या लॅपटॉप उघडतात. मी आधी कोळशाचा रिपोर्ट मागतो. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची राख नाशिककरांना नवी नाही. तिथे कोळसा पूर्ण जाळतात, गॅसिफायरमध्ये मुद्दाम कमी हवा देतात; राखेपासून सुटका मात्र दोन्हीकडे नाही.

समजा, १०० किलो कोळशात ओलावा ८ आणि राख ३८ किलो आहे. उरले ५४. अल्टिमेट अ‍ॅनालिसिस, म्हणजे कोळशातल्या कार्बन, हायड्रोजन वगैरे मूलद्रव्यांचं प्रमाण, बहुतेकदा राख आणि ओलावा वगळून दिलेलं असतं. त्यात कार्बन ७८ टक्के लिहिलाय म्हणून ७८ किलो भरू नका. खरा कार्बन ४२ किलोच. हायड्रोजन ५ आणि ऑक्सिजन १५ टक्के धरला, तर पूर्ण ज्वलनाला सुमारे ५४० किलो हवा लागते. गॅसिफायरला त्याच्या ०.३ पट, म्हणजे १६० किलोच्या आसपास द्या. ओलाव्याचं पाणी वाफेच्या खात्यात धरायला विसरू नका.

आता खरी मेख. समतोलाचं मॉडेल, म्हणजे सगळ्या रासायनिक क्रिया शेवटापर्यंत गेल्या असं धरणारं गणित, जवळजवळ सगळा कार्बन वायूत गेला असं सांगतं. भट्टीत तसं होत नाही. बाहेर पडणाऱ्या राखेत १० टक्के कार्बन राहिला, तर ३८ किलो राखेसोबत ४.२ किलो कार्बन जातो, म्हणजे एकूण कार्बनचा दहावा हिस्सा! कमी राखेच्या परदेशी कोळशात हेच १० टक्के किरकोळ ठरतात. म्हणून परदेशी पेपरमधलं ९९ टक्के कार्बन कन्व्हर्जन (वायूत गेलेला कार्बन) उचलून आपल्या कोळशाला लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. न जळलेला कार्बन आधीच वजा करा आणि त्याची ऊर्जा वायूच्या नावावर पडू देऊ नका.

एवढं झालं की पायथॉन उघडा. कँटेरा हे रासायनिक समतोल काढणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तापमान स्वतः ठरवून देण्याऐवजी एन्थाल्पी (पदार्थातली एकूण उष्णता-ऊर्जा) आणि दाब स्थिर ठेवून समतोल काढा. कोळशाची एन्थाल्पी उष्मांकावरून निघते. भिंतीतून जाणारी आणि तापलेल्या राखेबरोबर जाणारी उष्णता वजा करा. फ्लुइडाइज्ड बेड, म्हणजे खालून येणाऱ्या हवेने कण उकळत्या पाण्यासारखे खळाळत ठेवणारी भट्टी, असेल तर उत्तर ९०० ते १००० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात आहे का बघा. त्याहून फार वर गेलं तर राख मऊ होऊन गोळे धरते. हैदराबादला भेल या सरकारी कंपनीने २०२१ मध्ये आपल्याच हाय अ‍ॅश कोळशापासून मिथेनॉल काढलं, तेही फ्लुइडाइज्ड बेड वापरून.

वातावरणीय दाबाला या तापमानात मॉडेल मिथेन जवळपास शून्य दाखवेल. प्रत्यक्ष वायूत तो थोडा असतो, शिवाय डांबरही. मोजलेला मिथेन असेल तर तेवढा बाजूला काढा आणि बाकीच्याचा समतोल लावा. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचे आकडे लगेच ताळ्यावर येतात.

शेवटी कोल्ड गॅस एफिशियन्सी, म्हणजे कोळशातली किती ऊर्जा वायूत उतरली ते: वायूचा उष्मांक गुणिले वायूचं आकारमान, भागिले कोळशाची ऊर्जा. घनमीटरला कार्बन मोनॉक्साइड १२.६, हायड्रोजन १०.८, मिथेन ३५.८ मेगाज्यूल धरा. मग राखेतला कार्बन ५, १०, १५ टक्के करून तिन्ही वेळा मॉडेल चालवा आणि तो आलेख रिपोर्टच्या पहिल्या पानावर लावा.