नाणी ग्रेडिंगला पाठवायच्या आधी: आधी प्लास्टिक बघा

गेल्या वर्षी पाच नाणी ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून तपासून दर्जाचा नंबर मिळवायला पाठवली, त्यातली दोन नंबर न मिळताच परत आली, शेरा एकच, पीव्हीसी, म्हणजे मऊ प्लास्टिकमुळे नाण्यावर चढलेला थर. फी गेली ती गेलीच. यंदा परत पाठवतोय म्हणून सगळं लिहून काढलं, आपल्या किनारपट्टीवर जे कोणी जमवतात त्यांनी तरी हे वाचाच.

घासू नका. चिंच, टूथपेस्ट, राख, काही नको. हे सगळ्यांना माहितीय, पुढे.

आता प्लास्टिक. नाणं ज्या पाकिटात किंवा अल्बममध्ये आहे ते हातात घेऊन बघा, मऊ लिबलिबीत असेल आणि उघडल्यावर नव्या रेनकोटासारखा वास आला तर ते पीव्हीसी, आजच बाहेर काढा. आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, अशा दमट हवेत ते प्लास्टिक हळूहळू सुटतं, त्यातून आम्ल निघतं आणि ते तांब्यावर चढतं. जुनी जाड ५ रुपयांची नाणी, ९ ग्रॅमवाली, ती कॉपर-निकेलची, म्हणजे ७५% तांबंच की. माझं १९९५ चं संयुक्त राष्ट्रांच्या पन्नास वर्षांचं नाणं समोरून बघितलं तर लखलखीत होतं. दिव्याखाली तिरकं धरलं की अक्षरांच्या कडेला शेवाळासारखा हिरवट चिकट थर दिसायचा, पण मी पाठवण्याआधी तिरकं धरलंच नाही. तुम्ही धरा, प्रत्येक नाणं, दोन्ही बाजूंनी.

प्लास्टिकबद्दल शंका असेल तर तांब्याची तार पकडीत धरून गॅसवर लाल करा, त्या प्लास्टिकच्या रिकाम्या तुकड्याला टेकवा आणि परत आचेवर न्या, ज्योत हिरवी झाली की समजा पीव्हीसी (खिडकी उघडी ठेवा, धूर घेऊ नका). नाण्यावरचा थर ताजा असेल तर नाणं शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काचेच्या वाटीत बुडवून ठेवायचं, न पुसता वाळवायचं, आणि त्या वेळी जवळपास आच अजिबात नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात इतर गोष्टी असतात. थराने धातूच खाल्ला असेल तर मात्र इलाज नाही, ते नाणं पाठवू नका. मग ठेवायला मायलरची (पॉलिएस्टर फिल्मची) पाकिटं, आणि मायलरच.

आता कुठे पाठवायचं. ग्रेडिंग करणाऱ्या दोन अमेरिकन कंपन्या, पीसीजीएस १९८६ पासून, एनजीसी १९८७ पासून, दोन्हीकडे दर्जाची शेल्डन नावाची १ ते ७० पट्टी. ७० म्हणजे पाचपट भिंगाखाली टाकसाळीनंतरचा एकही डाग-ओरखडा नाही. प्रूफला, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या चकचकीत नाण्याला, पीसीजीएस पीआर लिहितं, एनजीसी पीएफ; आरशासारख्या पृष्ठभागावर नक्षी ठळक पांढुरकी असेल तर पीसीजीएसचं डीप कॅमिओ, एनजीसीचं अल्ट्रा कॅमिओ, मामला तोच. कोण कडक यावर वाद घालत बसण्यापेक्षा तुमच्या नाण्याला कुठल्या कंपनीच्या स्लॅबमध्ये (नंबर देऊन नाणं सीलबंद करतात त्या प्लास्टिकच्या डबीत) किती पैसे मिळालेत ते लिलावाच्या झालेल्या विक्रीत बघा, मागितलेल्या किमतीत नाही.

'टॉप पॉप'च्या, म्हणजे कंपनीच्या नोंदीत त्या नाण्याला मिळालेल्या सगळ्यात वरच्या नंबराच्या, नादी लागताना जपून. आधुनिक नाणी अजून लोकांच्या डब्यांत ढिगाने पडलीयत, उद्या आणखी दहा त्याच नंबराची येतील, शिवाय स्लॅब फोडून परत पाठवलेलं नाणं कंपनीच्या नोंदीतल्या आकड्यात दोनदा धरलं गेलेलं असू शकतं. ६९ आणि ७० मधला फरक डोळ्याला दिसत नाही, खिशाला दिसतो. माझं मत, ७० चा हट्ट प्रूफसाठी ठेवा, चलनातली नाणी टाकसाळीच्या पोत्यातच एकमेकांवर आपटतात, त्यांना ६६-६७ मिळालं तरी भरून पावलं.

फॉर्मवर टाकसाळ नीट लिहा, नाण्यावरच्या खुणेवरून ओळखता येते: मुंबईचा हिरा, नोएडाचा ठिपका, हैदराबादचा तारा, कोलकात्याला काही नाही.

वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, किंमत, विमा, पावती. शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही, यादीत एखादं घुसलं नाही ना बघा. पार्सल बंद करायच्या आदल्या रात्री परत एकदा पाकिटं चाचपा, मऊ लागलं तर बदला.

परत आल्यावर सर्टिफिकेट नंबर साइटवर तपासा. स्लॅब हवाबंद नसतो, डब्यात सिलिका जेल टाका, पावसाळ्यात ते बदला.

जुना अल्बम मी रिकामा करतोय, अजून अकरा पानं राहिलीत.