मारक पेशींच्या कणिका बाहेर पडतात का, हे कसे तपासावे

एनके (नॅचरल किलर) पेशी आणि मारक टी पेशी या रोगप्रतिकारक पेशी परफोरिन (लक्ष्य पेशीच्या पटलाला छिद्रे पाडणारे प्रथिन) व ग्रॅन्झाइम (तिला आतून मारणारी विकरे) कणिकांत साठवतात आणि लक्ष्य पेशीला भिडल्यावर त्या बाहेर रित्या करतात. रॅब२७ए हे प्रथिन कणिकेला पेशीपटलाशी टेकवते, मंक१३-४ तिला मीलनासाठी सज्ज करते आणि सिन्टॅक्सिन-११ व मंक१८-२ यांच्या साहाय्याने दोन्ही पटले एक होतात. त्या वेळी कणिकेच्या आवरणावरील सीडी१०७ए हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येते, आणि चाचणीत तेच मोजायचे असते.

रक्त हेपॅरिनच्या नळीत घ्यावे, फ्रिजमध्ये ठेवू नये आणि शक्यतो २४ तासांच्या आत वापरावे. सोबत निरोगी व्यक्तीचा नमुना हवाच, कारण वाटेत नमुना बिघडल्यासही आकडा खाली येतो. फायकॉलवर (घनतेनुसार रक्तपेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवावर) एककेंद्रकी पेशी, म्हणजे एनके व टी पेशी ज्यांत येतात तो पांढऱ्या पेशींचा गट, वेगळ्या करून त्यांचा एक भाग तसाच ठेवावा, तर दुसऱ्यात लक्ष्य म्हणून के५६२ पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रक्तकर्क पेशी) मिसळाव्यात. या पेशींवर एमएचसी वर्ग १ चे रेणू (एनके पेशींना आवर घालणारी 'आपली पेशी' ही ओळखखूण) जवळजवळ नसल्याने एनके पेशी त्यांच्यावर आपणहून चाल करतात. सीडी१०७ए ला चिकटणारे चमकत्या रंगाचे प्रतिपिंड सुरुवातीलाच घालावे. पृष्ठभागावर आलेला हा रेणू लवकरच पुन्हा आत ओढला जात असल्याने शेवटी रंगवल्यास बराचसा हातचा जातो. ३७ अंश सेल्सिअसला २ ते ३ तास ठेवून मग सीडी३ (टी पेशींची खूण) व सीडी५६ (एनके पेशींची खूण) रंगवावे, आणि फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशीचा रंग मोजणाऱ्या यंत्रावर) केवळ सीडी३ नसलेल्या, सीडी५६ असलेल्या पेशी वाचाव्यात. लक्ष्य पेशींसह आलेल्या, सीडी१०७ए दाखवणाऱ्या एनके पेशींच्या टक्केवारीतून त्यांच्याविना आलेली वजा करावी. एनके पेशी अगदीच मोजक्या असतील, तर आकडा न देणेच बरे.

फरक कमी आला तर वरील चारपैकी कोणते प्रथिन सदोष आहे, हे या चाचणीवरून कळत नाही. त्यासाठी जनुकतपासणी लागते. तरी केस रुपेरी असतील तर आधी रॅब२७ए कडे पाहावे, कारण रंगकणांची ने-आणही तेच करते. रक्ताच्या काचपट्टीवर पांढऱ्या पेशींत अवाढव्य कणिका दिसल्यास चेडियाक-हिगाशी विकाराचे जनुक, एलवायएसटी, तपासावे. वाचन ताज्या पेशींवरचेच धरावे, कारण इंटरल्यूकिन-२ मध्ये (पेशींना चेतवणाऱ्या प्रथिनात) वाढवल्यावर सिन्टॅक्सिन-११ किंवा मंक१८-२ चा दोष अंशतः झाकला जातो. फरक नेहमीसारखा आला तरी पेशीच्या आतील परफोरिन रंगवून पाहावे. ते नसतानाही कणिका व्यवस्थित बाहेर पडतात, लक्ष्य पेशी मात्र मरत नाही.