शिष्यवृत्तीचा फॉर्म सोपा, खातं अवघड

दरवर्षी प्रवेश सुरू झाले की आमच्या ओसरीवर गर्दी होते. दोन भावंडांचे अर्ज भरले तेव्हापासून गल्लीतली पोरं माझ्याकडेच येतात. येताना कुठला तरी व्हिडिओ पाहून आलेली असतात आणि त्यात एकच मंत्र असतो, ‘लवकर फॉर्म भरा’. लवकर भरा, खरंच आहे. पण मंजूर झालेले पैसे हातात न पडलेली मुलं मी पाहिलीत. त्यातली पहिली मी.

आधी कुठल्या योजनेत बसता ते बघा. खुल्या गटातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर निम्मी शिक्षण फी आणि निम्मी परीक्षा फी मिळते, तीही कुटुंबातल्या पहिल्या दोनच अपत्यांना. आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची ही फी पूर्ण माफ आहे, उत्पन्नाची अट तीच. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला मर्यादा अडीच लाखांची. व्यावसायिक कोर्सला प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर पुढचं वाचायची गरज नाही. खोलीभाड्याची चिंता असेल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि स्वाधार या दोन योजना वेगळ्या बघा, त्या फीच्या योजनेत धरलेल्या नसतात.

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा काढा. मार्चअखेर मुदत संपलेला दाखला जोडून अर्ज परत आलेले ढिगाने पाहिलेत.

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर प्रोफाइल स्वतःच्या मोबाईल नंबरने करा. सायबर कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, मग वर्षभर प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दुकानापुढे उभं राहावं लागतं. एकदा तर दुकानच बंद झालं होतं आणि मुलगी रडत माझ्याकडे आली. अर्ज पाठवल्यावर आठवड्यातून एकदा स्टेटस बघा. ‘सेंड बॅक’ दिसलं तर त्याच दिवशी दुरुस्ती करून पुन्हा पाठवा, कारण कॉलेजचा क्लार्क फोन करून सांगेल ही आशा फोल आहे.

आता मुद्द्याचं. इथे मी तीन महिने घालवले.

माझा अर्ज मंजूर झाला, पोर्टलवर पैसे गेल्याचंही दिसलं. खातं रिकामं, आणि कॉलेजची फीची नोटीस हातात. बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, “आधार लिंक आहे की तुमचं!” मी घरी आले. पुन्हा गेले, पुन्हा तेच उत्तर. आधार लिंक होतंच, पण केवायसीसाठी. सरकारी पैसे त्या लिंकवर येत नाहीत. ते येतात एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांचे पैसे इकडून तिकडे पोचवणाऱ्या संस्थेच्या यादीवर, जिला बँकवाले मॅपर म्हणतात. त्या यादीत तुमच्या आधार नंबरपुढे एकाच बँकेचं नाव असतं. अर्जात कुठलाही खाते क्रमांक लिहा, पैसे त्या नावाच्या बँकेतच जातात. माझ्या आधारपुढे नाव होतं आठवीत शाळेने गणवेशाच्या पैशांसाठी उघडून दिलेल्या खात्याच्या बँकेचं. त्याचं पासबुक आईने गव्हाच्या डब्याखाली ठेवलं होतं, तिथेच सापडलं, कोपरे उंदराने कुरतडलेले. पैसे त्याच खात्यात होते.

म्हणून अर्ज भरायच्या आधी मायआधारच्या साइटवर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ असं दिसलं पाहिजे. भलतीच बँक दिसली किंवा काहीच दिसलं नाही, तर हव्या त्या बँकेत जा आणि ‘आधार लिंक करा’ असं अजिबात म्हणू नका. म्हणा, “डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करायचंय, फॉर्म द्या.” डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं. फॉर्मच्या झेरॉक्सवर शिक्का मारून घ्या. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा स्वतः बघा, तोंडी ‘झालं’वर विश्वास ठेवू नका.

मॅपरमध्ये नाव फक्त बँकेचं असतं, खात्याचं नाही. एकाच बँकेत तुमची दोन खाती असतील तर पैसे कुठल्या खात्यात टाकायचे ते बँकेची यंत्रणा ठरवते. तेव्हा एक बंद करा, सरळ. दुसरं म्हणजे पूर्ण केवायसी न करता उघडलेलं ‘लहान खातं’. त्यात सरकारी अनुदान सोडून शिल्लक ५० हजारांच्या वर जाऊ शकत नाही आणि आर्थिक वर्षात एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. इंजिनिअरिंगच्या फीचा मोठा हप्ता अशा खात्यावर अडकू शकतो. पॅन आणि आधार देऊन ते आधी साधं बचत खातं करून घ्या.

शिष्यवृत्तीत भागलं नाही तर कर्ज. भारतीय बँक संघाच्या (आयबीए) आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि बाहेरचा जामीनदारही लागत नाही, आई-वडील सहकर्जदार होतात. चार ते साडेसात लाखांत पूर्वी जामीनदार मागत, आता केंद्राच्या कर्जहमी योजनेत बसणाऱ्या कर्जाला तोही लागत नाही. त्यापुढे तारण. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना जामीन आणि तारण दोन्ही माफ आहे. तुमचं कॉलेज यादीत आहे का, तेवढं बघा. हप्ते कोर्स संपून वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तेवढं व्याज शिकत असतानाच भरत जा. मॅनेजर नाही म्हणाला तर वाद घालू नका, नकार लेखी मागा. निम्म्या वेळा तिथेच सूर बदलतो.

पोटापुरते पैसे लागत असतील तर विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’मध्ये नाव घाला. त्यात लाज कसली? भाऊराव पाटलांनी आख्खी रयत संस्था स्वावलंबनावर उभी केली.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरताना आधी तो सीडिंग स्टेटस पुन्हा बघा. माझ्या धाकट्या भावाने कॉलेजच्या गेटवरच्या टेबलावर, फुकट टी-शर्टसाठी, नवं खातं उघडलं होतं. त्या फॉर्मवर बारीक अक्षरात सरकारी लाभ याच खात्यात घेण्याची संमती होती आणि पठ्ठ्याने टिक केली होती. पैसे त्या बँकेत गेले, आणि एटीएम कार्ड अजून पोस्टातच होतं.