दिवा आधी पालथा करा

रोमन दिव्यांचा अभ्यास करायला इटलीत जायचा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी तिथे एमए करायला गेले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एका संग्रहालयाच्या गोदामात माझ्या हातात रोमन मातीचा दिवा आला. वरच्या तबकडीवर खांद्यावर मेंढी घेतलेला मेंढपाळ. मी नोंदीच्या कार्डावर ‘ख्रिस्ती’ असं ठोकून दिलं. मार्गदर्शक बाईंनी त्या शब्दावर काट मारली आणि काही न बोलता दिवा पालथा करून पुढ्यात ठेवला.

मेंढी वाहणारा तरुण ग्रीक-रोमन कलेत येशूच्या कितीतरी आधीपासून आहे. इ. स. 200 च्या आसपास इटलीत आन्निउस सेरापिडोरस या कुंभाराचा शिक्का असलेले असे दिवे विकले जात. गिऱ्हाइकाच्या देवाशी कुंभाराला काय घेणं? एखाद्याला त्यात ‘उत्तम मेंढपाळ’, म्हणजे येशू, दिसला असेल, शेजाऱ्याला नुसता मेंढपाळ. बर्लिनमधल्या एका दिव्यावर मात्र त्याच मेंढपाळाभोवती बायबलमधलं नोहाचं तारू आणि योना आहेत. तिथे शंकेला फारशी जागा नाही. (डोक्यावर सूर्य-चंद्रही आहेत, ती गंमत वेगळीच!)

म्हणून चित्र शेवटी बघा. आधी तळावरचा शिक्का, मग वातीच्या चोचीवरची काजळी, मग मातीचा रंग आणि पोत. हे दिवे आपल्या पणतीसारखे उघडे नसतात. वरचा आणि खालचा भाग दोन साच्यांत दाबून जोडलेला असतो, तो सांधा कडेला बोटाला लागतो. चौथ्या-पाचव्या शतकात आजच्या ट्युनिशियातून आलेल्या लाल दिव्यांवर बायबलमधला दानीएल, मोर, मासा आणि ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरं गुंफलेली खूण सापडते.

नकलाही तेव्हापासूनच्या. तयार दिव्यावरूनच साचा काढायचा. माती वाळताना आणि भाजताना आकसते, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा लहान निघते. मी ख्रिस्ताच्या नावाची ती खूण असलेले, एकाच चित्राचे दोन दिवे शेजारी ठेवून मोजले: 13.8 आणि 12.4 सेंटीमीटर. मोठ्यावरच्या खुणेतले मणी मोजता येत होते, धाकट्यावर नुसता उंचवटा.

भाषेचं आधीच सांगते. रोमन दिव्यांचं ड्रेसेलचं 1899 चं वर्गीकरण लॅटिनमध्ये, लोश्केचं 1919 चं जर्मनमध्ये. इटालियन तर रोजच लागते. मी ती तिथे पोचल्यावर सुरू केली आणि पहिलं सत्र शब्दकोशात घालवलं. तुम्ही पुण्यात असतानाच सुरू करा. नोकऱ्या मोजक्या, बहुतेक कंत्राटी, हेही घरी सांगून ठेवा.

आणि हाताने रेखाटायला शिका, फोटो कितीही चांगला असला तरी. कोरी तबकडी म्हणून बाजूला ठेवलेला एक दिवा मी रेखाटायला घेतला. मोबाइलचा टॉर्च कडेने अगदी आडवा धरला, तर दोन माणसं, मध्ये काठी आणि काठीला लोंबणारा द्राक्षांचा घड उमटला. कार्डावर शाईने तेवढंच लिहिलं. ‘कनानचे हेर’ हे त्या बायबलमधल्या गोष्टीचं नाव कंसात, पेन्सिलीने.